रविवारची टोळी

गुरुवारी हरीला दिसलं ते एवढं.

भाऊ सयाजी पुढं, आई मागं, मध्ये आपण. नानासोच्या दारात पंधरा-वीस चपला. ओसरीवर माणसं, गुडघ्याला गुडघा लावून. पलंगावर जयराज, नानासोचा पुतण्या. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत. नानासो खुर्चीत. त्यांचे ओठ मिशीखाली, त्यामुळं अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करून हरीला त्यांचा एक शब्दही कधी वाचता आला नव्हता. मिशी हलली. सयाजीचे ओठ हलले. मागच्या दोघांनी दात दाखवले. मग सगळ्यांनी एकदम हरीकडं बघितलं.

सयाजीनं हरीचे दोन्ही हात धरले आणि तळव्याला तळवा दाबला.

हरीचा उजवा तळवा भाजलेला. फोड फुटून चड्डीच्या चिंधीला चिकटले होते. कळ डोक्यापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी बघून माणसांनी एकमेकांकडं मान हलवली. चहा आला.

आजारी माणसाला भेटायला आलोय, असं हरीला वाटलं. उठताना त्यानं जयराजच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. जयराजनं तोंड भिंतीकडं वळवलं.

*

त्याच वेळी, त्याच ओसरीवर ऐकणाऱ्यांना ऐकू आलं ते.

"बसा," नानासो म्हणाले.

"बसत न्हाई, नाना," सयाजी म्हणाला. "चुकी हरीची हाय. आमी न्हाई म्हनत न्हाई."

"सेफ्टीची शिट्टी अशी वाजत हुती म्हनं, पार वढ्याच्या पल्याड ऐकू गेली," मागचा एक जण म्हणाला.

"ह्यालाच तेवढी न्हाई गेली!"

हशा.

"अकरा सीझन पोटच्या पोरावानी संबाळला," नानासो म्हणाले. "पर कुकर म्हंजे काय खेळ हाय व्हय रं? वाफ हाय ती. उद्या कुनाचा जीव गेला मंजी?"

"आवं, त्याला इचारा तरी, काय झालं ते," शालूबाई म्हणाली. हरीची आई. उभीच होती.

"वैनी, काय इचारायचं? आन कसं इचारायचं?"

अडतीस वर्षं शालूबाई हरीशी बोलत होती ते असं : जेव, ये, जा, झोप, पाऊस, गाय, ताप. 'काय झालं' याला घरात हाताची खूणच नव्हती.

नानासो पुढं म्हणाले, "माफी मागू दे त्याला. मंगळवारी तुमच्या रानात कुकर लावतो, पयला नंबर तुमचा. पर ह्यो कुकरपाशी दिसाय न्हाई पायजे. आज न्हाई, पुढं बी न्हाई. कबूल?"

"कबूल," सयाजी म्हणाला आणि भावाचे हात धरले.

*

आणि सोमवारी झालं होतं ते. हे हरीशिवाय कुणी सांगू शकलं नसतं, आणि हरीला कुणी विचारलं नाही.

हळद शिजवायचा कुकर म्हणजे चाकांवरचा बॉयलर, त्याला चार पिंपं. खाली जाळ, वर वाफेचा काटा. काटा लाल रेघेला टेकला की सेफ्टी उडते, शिट्टी होते. ऐकणारी माणसं शिट्टीवर विसंबतात. हरी काट्यावर, वाफेच्या रंगावर आणि पिंपाला लावलेल्या पायाच्या अंगठ्यावर. अकरा सीझनमध्ये त्याच्या हातची हळद ना कच्ची राहिली, ना गाळ झाली.

सोमवारी दुपारी काटा रेघ ओलांडून गेला. सेफ्टी उडाली नाही. हरीनं दोन्ही हात वर करून जयराजला खूण केली : जाळ ओढ. जयराज पाइपाच्या जोडाशी, मान फोनमध्ये. हरीनं जळती लाकडं हातानं ओढून काढली. काटा उतरेना. तो पळत गेला, जयराजची कॉलर धरून त्याला मागं खेचला, आणि जोड फुटला.

शिट्टी वाजलीच नव्हती. जी वाजली ती फुटलेल्या जोडातली वाफ. माणसं धावत आली तेव्हा त्यांना दिसलं, बहिरा हरी जयराजला धरून आडवा पडलाय.

*

शुक्रवार, शनिवार. सयाजीच्या रानात काढलेल्या हळदीची रास पडून होती, तीन ट्रॉल्या. वरून माती वाळलेली, आत हात घातला की कोमट. ओली हळद अशी राहिली की आतून तापते, बुरशी धरते. हरी डाव्या हातानं गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसला. ओढ्यापलीकडं नानासोच्या कुकरचा धूर दिसत होता. त्यानं धुराकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं. सयाजीनं हात झटकला : नाही. हरीनं भाजलेला तळवा दाखवला : यामुळं? सयाजीनं मान हलवली, होय. ते सोपं होतं.

वहिनीनं तळव्याला खोबरेल लावलं. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. तिनं वर बघितलं नाही.

*

रविवार.

सकाळी सव्वानऊची एसटी, इस्लामपूर स्टँड दहा. स्टँडच्या कॅन्टीनमागं कडुनिंबाखाली दोन सिमेंटचे बाक. तिथं दर रविवारी बहिरी माणसं जमतात. पाटी नाही, पावती नाही. कुणी आष्ट्याहून येतं, कुणी थेट रहिमतपूरहून. नोकरीचा अर्ज, सासऱ्याची भांडणं, बायकोचं बाळंतपण, दवाखान्यात डॉक्टरनं लिहून दिलेल्या चिठ्ठीचा अर्थ, सगळं त्या दोन बाकांवर. हरी सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडं चाळीसेक खुणा होत्या. आता तो भांडू शकत होता, चेष्टा करू शकत होता. पहिल्याच वर्षी 'उद्या' आणि 'परवा' यांतला फरक कळल्यावर तो दिवसभर लोकांना परवाच्या गोष्टी सांगत सुटला होता.

आज त्याचे हात अडखळत होते.

— तुझा हात तोतरा बोलतोय, अर्जुना खुणांनी म्हणाला. अर्जुना गॅरेजात वेल्डिंग करतो, चेष्टेशिवाय त्याला बोलता येत नाही. — चिंधी काढ, नाहीतर उपरणं बांधलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतोस.

हरीनं सोमवारचं सांगितलं. काटा, लाकडं, कॉलर. सगळे बघत होते. कॅन्टीनवाल्याचा पोऱ्या चहा घेऊन आला, तोही थांबून बघायला लागला.

श्रद्धानं मात्र मध्येच हात वर केला. तिचं तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान. नवव्या वर्षी तापात कान गेले, त्यामुळं तिला मराठी वाचता येतं, बोलताही येतं, आवाज तेवढा सपाट. ती सगळ्यांची पत्रं वाचते.

— तुझा फोन दे. गावाचा ग्रुप आहे ना त्यात?

हरीला वाचता येत नव्हतं. त्या ग्रुपवरचे फक्त फोटो तो बघायचा. श्रद्धानं गुरुवारपर्यंत मागं सरकवलं. थांबली. मग सावकाश, एकेक शब्द हातावर ठेवत सांगितलं :

— 'कुकर अपघात प्रकरण मिटले. हरीने रडून चूक कबूल केली व सर्वांसमोर हात जोडून माफी मागितली. यापुढे त्यास कुकरच्या कामावर घेतले जाणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.' खाली चोपन्न अंगठे.

हरीनं पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

— कुणी मागितली?

— तू.

— कधी?

हरीनं स्वतःचे हात समोर धरले, परक्याचे असल्यासारखे. मग त्याच्या घशातून आवाज निघाला. काय आवाज होता ते त्या झाडाखाली कुणाला कळलं नाही, पण फलाटावरची माणसं वळून बघायला लागली आणि एका बाईनं लेकरू पोटाशी धरलं.

देवदत्त काका सगळ्यांत जुने, सांगलीत छापखान्यात तीस वर्षं. ते म्हणाले,

— सोडून दे. मी आयुष्यभर अशा माफ्या मागितल्यात. घरात, कामावर. हात जोडले की माणसं घरी जातात.

— तुमचं आयुष्य तुमच्यापाशी ठेवा, श्रद्धा म्हणाली. काकांनी तिच्याकडं बघितलं, मग हसले, आणि बाकावरची पिशवी उचलून तिला जागा करून दिली.

— कुठला कुकर? अर्जुनानं विचारलं. — निळा? मागं हनुमान काढलेला? तो बुधवारी आमच्याकडं आला होता. जोड मी लावला. सेफ्टी मीच बदलली. जुनी पाण्यातल्या चुन्यानं अशी चोंदलेली, खिळा घातला तरी जाईना. अशी सेफ्टी कुणासाठीच वाजत नाही. मंगलाष्टका म्हणणाऱ्या भटजीसाठीही नाही.

— कुठं आहे ती?

— भंगारात. आणतो.

हरी उठून उभा राहिला. म्हणाला,

— मला माझी माफी परत पाहिजे.

आणि लगेच खाली बसला. कारण रास आठवली. माफी परत घेतली तर सयाजीनं बोटांवर दिवस मोजून दाखवलेला मंगळवारचा कुकर येणार नाही. तीन ट्रॉल्या. आईचं वर्ष.

— कुकरशिवाय हळद शिजत नाही का? श्रद्धानं विचारलं. ती शहरातली.

— शिजते. बापाच्या वेळी काहिलीत शिजायची. काहील गोठ्यामागं पडलीय. पण एका घाण्याला तीन तास. भरायला, उपसायला, जाळाला माणसं लागतात. सयाजी येणार नाही.

— माणसं किती?

— दहा.

अर्जुनानं बाकावरची डोकी मोजली. बारा होती. एक गरोदर.

— ती मुकादम, तो म्हणाला.

*

सोमवारी पहिल्या एसटीनं नऊ जण उतरले. शालूबाई अंगणात भांडी घासत होती. राखेचे हात तसेच ठेवून उभी राहिली. हरीच्या मागं नऊ माणसं, आणि सगळ्यांचे हात चाललेले.

सयाजी बाहेर आला. "कोन ही? काय लावलंय?"

"आम्ही हरीचे मित्र," श्रद्धा तिच्या सपाट आवाजात म्हणाली. "हळद शिजवायला आलोय. माझ्याकडं बघून बोला, मी ओठ वाचते."

"कुकर उद्या येतोय आमचा."

"येणार नाही. हरी माफी परत घेतोय."

"परत घेतोय? माफी काय उसनी दिल्ती व्हय, परत घ्यायला?" सयाजी हरीवर धावला. "आरं, रास कुजंल की! कुनासाठी केलं म्या हे? आपल्या बापाचं नाव—"

हरीनं त्याला चिंधी सोडून तळवा दाखवला. मग श्रद्धाकडं बघून सांगत गेला, आणि श्रद्धा ते मोठ्यानं बोलत गेली. काटा. जयराजचा फोन. लाकडं. कॉलर. अर्जुनानं पिशवीतून सेफ्टी काढून ओट्यावर ठेवली. आत पांढरा दगड झाला होता.

सयाजीनं ती उचलली. फुंकून बघितली. फुंकर गेली नाही.

"आता काय उपेग," तो म्हणाला. "गावापुढं झालं न्हवं."

"तू केलंस," शालूबाई म्हणाली.

"आये, तू बी हुतीस तितं!"

"हुते. उबी ऱ्हायले. त्ये कमी हाय व्हय?" तिनं हात लुगड्याला पुसले. "सातबारा माज्या नावावर हाय, सयाजी. राशीला हात लावायचा का न्हाई ते मी सांगनार. काहील गोठ्यामागं हाय. कोंबड्या बसत्यात तिच्यात, त्या उठवा."

*

काहील घासायला सकाळ गेली. चर खणला, काहील बसवली, तळाशी पाणी, वर गड्डे, वर हळदीचा पाला, वर ओली गोणपाटं, कडेनं माती लिंपली. जाळाला वाळला पाला आणि उसाची खोडकी. हरी काठी घेऊन सगळीकडं.

बहिऱ्यांची टोळी गप्प असते असं गावाला वाटत होतं. तशी ती नव्हती. घमेली आदळत होती, खोरी दगडावर खणखणत होती, अर्जुना हसला की लिंबावरचे कावळे उडत होते. आणि एक अडचण होतीच. हातात पाटी असली की बोलता येत नाही, बोलायचं तर पाटी खाली ठेवायला लागते. त्यामुळं दर दहा मिनिटांनी कुणीतरी भरलेली पाटी खाली ठेवून वाद घालायचं, मग बघणाऱ्यांच्याही पाट्या खाली. हरी चिडला.

— बोलायचं असेल तर रिकामं येताना बोला! भरलेलं जाताना तोंड बंद!

— तोंड बंदच आहे, अर्जुना म्हणाला, आणि त्यासाठी त्यानं पुन्हा पाटी खाली ठेवली.

बांधावर बघे. नानासोच्या टोळीतल्या बायाही कुकर सोडून आल्या.

"मुक्यांची जत्रा भरलीया बगा."

"जाळ बग की गं, कसा एकसारका लावलाय."

"आमच्या त्या पिंपातली काल कच्ची निगाली. मदी पांढरी. हरीच्या जागी त्यो नवा आनलाय, शिट्टी झाली की कॉक सोडतोय, झालं."

पहिला घाणा तीन तासांनी. हरीनं गोणपाट उचललं, वाफ तोंडावर घेतली, एक गड्डा काढून बाभळीचा काटा टोचला. पाऊण बोट गेला आणि अडकला. त्यानं गोणपाट परत टाकलं. सगळे थकून बसले होते. कुणाच्या खांद्याची साल गेली होती, श्रद्धाच्या तळहाताला फोड. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचला. आरपार. गड्डा मोडला, आत पिवळाधमक, एकसारखा. तो त्यानं आईच्या हातात दिला. तिनं हुंगला आणि सयाजीपुढं धरला. सयाजी शर्ट काढून जाळापाशी बसला. पुढच्या घाण्याचा जाळ त्यानं लावला. हरीनं तो दोनदा मोडून परत लावायला लावला.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉल्या शिजून खळ्यावर पसरल्या. नानासोचा कुकर आला नाही. येणार नाही असा निरोपही आला नाही.

*

मंगळवारी ऊन कलताना हरी खळ्याकडेला उभा राहिला. श्रद्धानं व्हिडिओ काढायला हरीचा फोन धरला. हरीनं चिंधी सोडून खिशात घातली.

— माझं नाव हे, तो म्हणाला, आणि अंगठा हवेत टेकवला. पिंपाला लावलेला पायाचा अंगठा, त्यावरून बाकावरच्यांनी ठेवलेलं नाव. — मी अकरा वर्षं कुकरवर आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी सेफ्टी चोंदली होती. ही बघा. काटा रेघेपुढं गेला, मी खूण केली, जयराज फोनमध्ये होता. मी लाकडं हातानं ओढली. हा बघा हात. मी त्याला खेचला नसता तर त्याचं तोंड भाजलं असतं. मी माफी मागितली नाही. माझे हात दुसऱ्यानं जोडले. मी रडलो नाही, हात दुखला. ज्यानं चूक केली त्यानं माफी मागावी. मला कुणीही विचारलं नाही. आता विचारा.

श्रद्धानं फोन खाली केला.

— खाली मराठीत लिहिते. चार ओळी.

— नको.

— कुणाला कळणार नाही, हरी.

— मला अडतीस वर्षं कळलं नाही. मी विचारत फिरलो. आता ते विचारतील.

— नाही विचारलं तर?

हरीनं बोटानं व्हिडिओ ग्रुपवर पाठवून टाकला.

दहा मिनिटांत जयराज ग्रुपमधून बाहेर पडला. मग प्रश्न यायला लागले. 'काय म्हणतोय हा?' 'ते हातात काय दाखवलंय?' 'सेफ्टी व्हॉल दिसतोय.' 'नानांच्या कुकरचा का?' 'कुणी सांगेल का काय म्हणतोय?' 'उद्या आमचं रान आहे, सेफ्टी बघून घ्या मग कुकर आणा.' सयाजीला सहा फोन आले. त्यानं एकालाही सांगितलं नाही. फोन आला की तो हरीच्या दिशेनं बोट करायचा, जणू फोनमधल्या माणसाला ते दिसत होतं.

*

बुधवारी सकाळी नानासो आले. मोटारसायकल रस्त्यावर लावून खळ्यापर्यंत चालत. मागं चार-पाच माणसं, ओसरीवरचीच. टोळी तिसऱ्या ट्रॉलीची हळद काहिलीत भरत होती. पाट्या खाली गेल्या.

"वैनी," नानासो म्हणाले, "काय हे? सगळ्या गावात बोभाटा केलासा. काय म्हनतोय त्यो त्यात?"

शालूबाई हळद पसरत होती. तिनं पाठ सरळ केली नाही.

"मला काय इचारतासा? त्यो उबा हाय की."

"सयाजी?"

"मला न्हाई इचारायचं, नाना. म्या एकदा सांगितलं त्येच्या वतीनं. चुकीचं सांगितलं."

नानासो श्रद्धाकडं वळले. "बाई, तुमाला बोलता येतंय. सांगा की."

"येतं," श्रद्धा म्हणाली. "पण त्यानं नको म्हटलंय. तुम्ही विचारल्यावर सांगेन. त्याला विचारल्यावर."

माणसं चुळबुळली. कुणीतरी खाकरलं. नानासोंनी सेफ्टीकडं बघितलं. ती ओट्यावरून खळ्यावर आणून ठेवली होती, सगळ्यांना दिसेल अशी. मग ते हरीपुढं जाऊन उभे राहिले. मिशी हलली. हरीनं मिशीकडं बोट करून मान हलवली : दिसत नाही.

नानासोंनी मागं बघितलं. मागची माणसं जमिनीकडं बघत होती. त्यांनी मोठा श्वास घेतला, उजवा हात पुढं केला, तळवा वर करून दोनदा हलवला. बाजारात भाव विचारतात तसा. मग हरीकडं बोट, मग कुकर असावा असं हवेत काहीतरी गोल. हात लाजत होता. पासष्ट वर्षांत त्यानं असलं काम केलं नव्हतं.

प्रश्न कळण्यासारखा होता. अर्जुनाला कळला, शालूबाईला कळला, बांधावरच्या बायांनाही कळला.

हरीनं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. आपली बोटं कपाळाशी नेली, मग नाही म्हणून हलवली.

श्रद्धानं मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं :

"नाही कळलं म्हणतोय. परत विचारा."